अंगदुखीच्या गोळीची कुळकथा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही "तापाची आणि अंगदुखीची गोळी" असे उत्तर दिले. चालक जरा घोटाळ्यात पडले. कामगार चळवळीतल्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, माथाडी कायद्यावर बोलावे. औषधावर बोलायला गावात डॉक्टर थोडे का आहेत? त्यांचे म्हणणे रास्तच होते. आम्ही डॉक्टर नाही, वैद्य नाही. शाळा आम्ही सातवीत सोडली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर आणि रात्री युनियनच्या कचेरीत. परंतु या गोळीविषयी बोलणे आम्हांस एका अपराधामुळे भाग पडले आहे, आणि तो अपराध आधीच सांगून टाकलेला बरा.

काही वर्षांपूर्वी, हळदीच्या ऐन हंगामात, आमच्या आडत बाजारातील एका हमालाला ताप भरला. हळदीचा हंगाम म्हणजे हमालाची सुगी. चैत्र-वैशाखात जी मजुरी पदरात पडेल तिच्यावर पुढचा पावसाळा काढायचा असतो. घरी निजून राहणे परवडत नाही. त्याने सकाळी आपल्या गावच्या किराणा दुकानातून तापाच्या गोळ्या घेतल्या. दुपारी एका दवाखान्यात दाखवले, तेथे अंगदुखीच्या म्हणून वेगळ्या नावाच्या, वेगळ्या रंगाच्या गोळ्या मिळाल्या. संध्याकाळी तो आमच्याकडे आला. "भाऊ, आंग मोडून आलंय," म्हणाला. आम्ही प्रथमोपचाराच्या पेटीतले एक अख्खे पाकीट काढून त्याच्या हातावर ठेवले, आणि आपण कामगाराची सेवा केली असे समाधान मानून घरी गेलो. तीन ठिकाणची तीन नावे. तिन्हींच्या पोटात पदार्थ एकच, पॅरासिटामॉल. तो चार दिवस तिन्ही घेत राहिला, कारण काम थांबले नव्हते. तोंडाला चव नाही म्हणून जेवण नाही, आणि अंग ठणकते म्हणून रात्री थोडी दारू. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले. नांदेडला नेले. बावीस दिवसांनी परत आला. जीव वाचला, पण त्यानंतर त्याने पाठीवर पोते घेतले नाही.

तेव्हापासून ही गोळी आली कोठून, हे शोधण्याचा आम्हांला नाद लागला. शोधता शोधता असे दिसून आले की या गोळीचा इतिहास पुष्कळ अंशी कामगारांचाच इतिहास आहे.

आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जुन्या माणसांच्या बोलण्यात ताप म्हणजे हिवताप आणि औषध म्हणजे कोयनेल. याच संस्थानात, सिकंदराबादेस, रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, हे आपण शाळेत शिकतो. कोयनेल हे सिंकोना झाडाच्या सालीतून निघे आणि महाग पडे. म्हणून युरोपातले रसायनशास्त्रज्ञ त्याला स्वस्त पर्याय शोधीत होते. १८८४ साली लुडविग क्नोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती अँटिपायरिन नावाचा पदार्थ लागला. तो ताप झटकन उतरवी. पण हिवतापाच्या जंतूला त्याने काही होत नसे. ताप उतरवणे वेगळे आणि तापाचे मूळ काढणे वेगळे, ही फारकत येथून सुरू झाली. आज आपण दोन गोळ्या घेऊन कामावर जातो आणि "ताप गेला" म्हणतो, तेव्हा ती फारकत आपण विसरलेले असतो. डेंग्यू असो, हिवताप असो, गोळी अंगाची उष्णता तेवढी खाली आणते. रोग आपल्या जागी असतो. दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही तर रक्त तपासले पाहिजे, एवढ्याचसाठी.

पुढची हकीकत मोठी मौजेची आहे. १८८६ साली स्ट्रासबर्ग शहरात (तेव्हा ते जर्मनीत होते, आज फ्रान्समध्ये आहे) कान आणि हेप नावाचे दोन तरुण डॉक्टर जंतांवर नॅप्थलीन, म्हणजे ज्याच्या आपण कपड्यांत डांबरगोळ्या ठेवतो तो पदार्थ, देऊन पाहत होते. जंतांवर काही परिणाम दिसेना, ताप मात्र उतरला. चौकशी करता कळले की औषधविक्याने चुकून भलतीच पूड दिली होती. ती अ‍ॅसिटॅनिलाइड. दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग करण्याच्या धंद्यातला हा पदार्थ, म्हणून मातीमोल. लगेच तो औषध म्हणून बाजारात आला. पण घेणाऱ्याचे ओठ आणि नखे निळी पडू लागली, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच त्याने कमी होई. मग १८८७ साली बायर या रंगाच्या कारखान्याने फिनॅसेटिन काढले. कारखान्यात रंगाच्या कामातून उरलेला एक टाकाऊ पदार्थ साचून पडला होता, त्याचे काय करावे या विवंचनेतून हे औषध निघाले.

आमचे आजचे पॅरासिटामॉल तोवर जन्मलेले होते. मोर्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते १८७८ सालीच बनवले होते. १८९३ साली फॉन मेरिंग यांनी ते रोग्यांना देऊनही पाहिले आणि गुण आला. पण यानेही रक्त बिघडते असे त्यांनी लिहून ठेवले. बहुधा त्यांच्या पुडीत भेसळ असावी. तेवढ्या एका शेऱ्यावरून चांगले औषध जवळजवळ अर्धे शतक अडगळीत पडले आणि फिनॅसेटिन जगभर गेले.

फिनॅसेटिनची कथा आम्ही थोडी विस्ताराने सांगणार आहोत. स्वीडनमध्ये हुस्कवार्ना नावाचे गाव आहे. तेथे बंदुकांचा मोठा कारखाना होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझात, म्हणजे ज्या साथीने आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली त्याच साथीत, तेथील डॉक्टर ह्योर्टन यांनी एक पूड तयार केली: फिनॅसेटिन, फेनॅझोन आणि कॅफीन. फेनॅझोन म्हणजे क्नोरचे अँटिपायरिनच, आणि कॅफीन म्हणजे चहा-कॉफीतला तरतरी आणणारा अंश. साथ गेली, पूड राहिली. कारखान्यात कामाचा वेग वाढत होता. पूड घेतली की डोके हलके होई, हात चाले. कामगार ती दुखत नसतानाही रोज घेऊ लागले. घरातल्यांना सवय लागली, मुले मोठी होऊन कारखान्यात आली तीही पूड घेतच. आणि मग त्या गावात मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे मरू लागली. स्वित्झर्लंडात १९५३ साली असेच निदान पुढे आले. तेथे घड्याळांच्या कारखान्यांतले कामगार, विशेषतः स्त्रिया, डोकेदुखीच्या गोळ्यांवर दिवस काढीत. हुस्कवार्नाची पाहणी डॉक्टर ग्रिमलुंड यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. हिंदुस्थानात फिनॅसेटिनवर बंदी आली ती १९८३ साली. तोवर सरकारी दवाखान्यांतून 'एपीसी' नावाची गोळी सर्रास मिळे. त्यातला 'पी' म्हणजे हेच फिनॅसेटिन. आमच्या वडिलांनी ती किती खाल्ली असेल याचा हिशेब नाही.

हुस्कवार्ना वाचताना आम्हांला आपलीच माणसे आठवली. दिवाळी झाली की मराठवाड्यातून, आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवरूनही, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, आणि एक दिवस बसले की खाडा: मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंड. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईची पाठ दुखणार नाही तर काय होईल? तिच्या ओच्यात गोळ्यांची पट्टी असते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा शहरांतल्या लोकांना खाडा हा शब्द कळला. गोळीची गोष्ट त्या मानाने लहान वाटते. पण शस्त्रक्रियेपर्यंत जाणारी वाट गोळ्यांनीच सुरू होते, असे आम्हांस वाटते. आणि येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. फडातली ती गोळी पुष्कळदा निव्वळ पॅरासिटामॉल नसते. तिच्यात डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असते. उन्हात घाम गाळून शरीरातले पाणी आटलेले असताना, उपाशी पोटी ही औषधे रोज घेतली तर मूत्रपिंडाला आणि जठराला इजा होते. हुस्कवार्नाला जे पुडीने केले ते येथे दुसऱ्या नावाने होऊ शकते.

आता अडगळीतून पॅरासिटामॉल वर कसे आले ते पाहू. न्यूयॉर्कमध्ये ब्रोडी आणि अ‍ॅक्सेलरॉड हे दोघे, जुन्या औषधाने रक्त का बिघडते याचा शोध घेत होते. १९४८-४९ साली त्यांनी दाखवून दिले की अ‍ॅसिटॅनिलाइड काय किंवा फिनॅसेटिन काय, शरीरात गेल्यावर त्यांचे मुख्यतः पॅरासिटामॉल होते, आणि गुण येतो तो त्याचाच. दोष त्या औषधांपासून शरीरात होणाऱ्या इतर पदार्थांचा. मग मधला दलाल हवा कशाला? सरळ पॅरासिटामॉलच द्यावे. (आडत बाजारात हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.) हे काम केले तेव्हा अ‍ॅक्सेलरॉड यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. प्रयोगशाळेत नोकरी करीत, रात्रीच्या वर्गांना जाऊन ते शिकले होते. डॉक्टरेट पुढे १९५५ साली आणि नोबेल पारितोषिक १९७० साली. आमच्यासारख्या रात्री वाचणाऱ्यांनी हे नाव पाठ करून ठेवायला हरकत नाही.

१९५५ साली अमेरिकेत मुलांचे पातळ औषध म्हणून आणि १९५६ साली इंग्लंडात पाचशे मिलिग्रॅमची गोळी म्हणून पॅरासिटामॉल बाजारात आले. आपल्याकडे क्रोसिन, मेटासिन, कॅल्पॉल ही नावे घरोघर झाली. २०२०-२१ च्या कोरोनाच्या साथीत डोलो हे नाव पोराटोरांच्या तोंडी बसले. औषध खरोखर चांगले आहे. जठराला जाळत नाही, डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये म्हणतात तेथेही हे चालते. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमचे बोलणे ऐकून कोणी घरची गोळी उकिरड्यावर टाकू नये.

परंतु १९६६ साली स्कॉटलंडमधून बातमी आली. एडिंबरोच्या डॉक्टरांनी असे रोगी पाहिले की ज्यांनी एकदम पुष्कळ पॅरासिटामॉल घेतले होते आणि ज्यांचे यकृत जळून गेले होते. हे कसे होते त्याचा उलगडा पुढे १९७३ च्या सुमारास अमेरिकेत झाला. आम्ही तो आपल्या भाषेत सांगतो. पोटात गेलेल्या औषधाचा मोठा भाग यकृत सरळ मार्गाने बाहेर काढते. थोडा भाग मात्र वाटेत विषारी होतो. त्या विषाला धरून निरुपद्रवी करणारी एक टोळी यकृतात असते. तिला ग्लुटाथायोन म्हणतात. रोजच्या ठरल्या मालाला ती टोळी पुरते. पण गाड्यांमागून गाड्या येऊ लागल्या, की टोळी थकते आणि माल थप्पीला न लागता आवारात पडून राहतो. उपाशी माणसाच्या यकृतात ही टोळी आधीच निम्मी असते. नित्य दारू पिणाऱ्याच्या शरीरात विषारी माल अधिक निघतो. आमच्या हमालाच्या बाबतीत उपवास होता, दारू होती आणि तीन दुकानांचा माल होता.

याहून भयंकर गोष्ट अशी की पहिल्या दिवशी काही कळत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी. दुसऱ्या दिवशी बरेही वाटते. कावीळ दिसते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. उतारा आहे. एडिंबरोच्याच डॉ. प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध शिरेतून देऊन यकृत वाचवण्याची पद्धत बसवली. एकदम जास्त गोळ्या गेल्या असतील तर आठ तासांच्या आत ते मिळाल्यास जवळजवळ खात्रीने गुण येतो. म्हणून घरात कोणी, रागाने म्हणा चुकीने म्हणा, गोळ्या जास्त खाल्ल्या असतील, तर "ठणठणीत तर दिसतोय" म्हणून थांबू नये. तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे. इंग्लंडने १९९८ साली कायदाच केला: औषधाच्या दुकानात एका वेळी बत्तीस गोळ्यांचे, इतर दुकानांत सोळांचे पाकीट, याहून मोठे मिळायचे नाही. त्याने मृत्यू घटल्याचे पुढील पाहण्यांत दिसले. घरात साठा असला की रागाच्या भरात हात तेथे जातो, इतकी साधी गोष्ट.

प्रमाण सांगतो. मोठ्या माणसाने एका वेळी पाचशेची एक किंवा दोन. दोन वेळांत निदान चार तासांचे अंतर, सहा तास असेल तर उत्तम. आणि चोवीस तासांत सर्व मिळून चार ग्रॅमच्या, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्यांच्या, पलीकडे कधीच नाही. ही शेवटची हद्द झाली, रोजचा रतीब नव्हे. शिवाय ती भरल्या अंगाच्या माणसाची. आपल्याकडे कष्टकरी बाईचे वजन चाळीस-बेचाळीस किलो भरते. अशा माणसाने, दारू पिणाऱ्याने, यकृताचा आजार असलेल्याने डॉक्टरला विचारावे. दोन-तीन ग्रॅमवरच थांबायला ते सांगतील. लहान मुलाला वयावर नव्हे, वजनावर: दर किलोला एका वेळी पंधरा मिलिग्रॅम, दिवसातून चारदा, याहून जास्त नाही. मुलांच्या औषधात तर आणखी एक फसगत आहे. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरात शंभर मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या पाच मिलिलिटरांत कुठे सव्वाशे, कुठे अडीचशे. थेंबांचे औषध चमच्याने पाजले तर दुप्पट ते चौपट जाते. बाटलीबरोबर आलेले माप त्याच बाटलीला वापरायचे.

पातळ औषधाचा दुसरा धोका घरात टाळता येत नाही. तो कारखान्यातच टाळावा लागतो. पॅरासिटामॉल पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून त्याला द्रावक लागते, आणि चांगल्या द्रावकाच्या जागी डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आले तर मुलांची मूत्रपिंडे बंद पडतात. १९३७ साली अमेरिकेत दुसऱ्या एका औषधात हेच होऊन शंभरावर माणसे गेली. बांगलादेशात १९९० ते १९९२ या तीन वर्षांत अशाच पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाने ढाक्याच्या इस्पितळांतून शेकडो मुले दगावली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली विषारी ग्लिसरीनने चौदा रोगी गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. आणि इतके होऊनही २०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडची मुले नागपूरच्या रुग्णालयांत आणावी लागली. कोल्ड्रिफ नावाच्या सर्दीच्या औषधात, ज्यात पॅरासिटामॉल होते, त्या विषाचे प्रमाण तपासणीत शेकडा चाळिसाहून अधिक निघाले. वीसहून अधिक बालके गेली. येथे आईबापांची काय चूक? त्यांनी डॉक्टरला विचारले, दुकानातून पावती घेतली, मापाने पाजले. कारखान्याची तपासणी करणारा माणूस नेमणे हे कोणत्याही आईबापाच्या हातचे काम नाही.

आपल्या कायद्याकडे वळू. औषधांचा मूळ कायदा १९४० चा, नियम १९४५ चे. या नियमांच्या 'के' परिशिष्टात एक सवलत आहे: एक हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यात अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल अशी थोडी घरगुती औषधे परवान्यावाचून विकता येतात. सवलत शहाणपणाची आहे. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या आडवळणाच्या वाडीवर रात्री मेडिकल कोठून उघडणार? पण सवलतीला अट आहे, की औषध मूळच्या न उघडलेल्या वेष्टनात विकावे. आणि प्रत्यक्षात काय होते? दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. दोन गोळ्या गिऱ्हाइकाला, आठ बरणीत. नाव एका तुकड्यावर, मुदत दुसऱ्या, किंमत तिसऱ्यावर. आमच्या हमालाच्या खिशात असा नाव नसलेला तुकडा होता. नांदेडच्या डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि आमच्याकडे पाहिले. त्यातच जोडगोळ्यांची भर: एका गोळीत दोन-तीन औषधे आणि वर मोठ्या अक्षरांत कंपनीचे नाव. १९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या समितीने औषधे मूळ नावाने ओळखली जावीत असे सुचवले होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १५६ जोड-औषधांवर बंदी घातली, तीत पॅरासिटामॉलच्या जोड्याही होत्या. तरी बाजारात उरलेल्या जोड्या पुष्कळ आहेत. तेव्हा मोठे नाव सोडून त्याखालचे बारीक अक्षर वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते. ज्याला वाचता येत नाही त्याने शाळकरी पोराकडून वाचून घ्यावे. 'पॅरासिटामॉल' हा शब्द दोन पाकिटांवर दिसला तर दोन्हींपैकी एकच घ्यायचे.

आता आमच्या धंद्याचे एक सांगतो. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यानंतरही कित्येक वर्षे शंभर किलोचे पोते हमालाच्या पाठीवर होतेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाला पंचावन्न किलोची मर्यादा सुचवली होती. पुण्याच्या हमाल पंचायतीने आणि बाबा आढावांनी पन्नास किलोच्या पोत्यासाठी केलेला झगडा येथील जुन्या हमालांना ठाऊक आहे. आमच्या बाजाराच्या फाटकाशी चहाची टपरी आहे. तेथील म्हातारा एकदा सहज म्हणाला, "पोतं हलकं झालं तवापासून माझ्याकडं गोळ्या मागनारे कमी झाले." हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, आणि आम्ही तो तसा मांडतही नाही. पण गोळीचा खप कशाने ठरतो याचा जाब औषधाच्या दुकानाआधी वजनकाट्याला विचारावा, असे तेव्हापासून आम्हांस वाटते.

तो हमाल आता आमच्या कचेरीत बसतो. पावत्या फाडतो, निरोप देतो. प्रथमोपचाराची पेटी त्याच्या ताब्यात आहे. तीत एकाच नावाचे पॅरासिटामॉल असते आणि पट्टी कापायची झाली तर नावाच्या बाजूने कापायची नाही असा त्याचा दंडक आहे. कोणी गोळी मागायला आला, की तो आधी विचारतो, "जेवलास का? पेलास का? आज किती झाल्या?" आणि मग आलेल्या माणसाला खिसे उलटे करायला लावतो. गेल्या हंगामात एकाच्या खिशातून चार तुकडे निघाले. ते त्याने टेबलावर मांडले, चष्मा लावला, आणि एकेक अक्षर लावून वाचू लागला. दोन तुकड्यांवर नावच नव्हते. ते त्याने खिडकीतून न टाकता एका डब्यात ठेवले. तो डबा आम्ही आज येथे आणला आहे, व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पुढे येऊन पाहावा.